प्रीकास्ट कंपाउंड फारच भकास दिसतंय, वेली सोडू की रंगवू?

पाथर्डीफाटा_रोहाऊस (24 मे)

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊस घेतलं. घर छान आहे, मागे बारा फुटांची मोकळी जागा पण आहे, पण बिल्डरने ते सिमेंटचं प्रीकास्ट कंपाउंड उभं करून दिलंय ना, ते इतकं भकास दिसतं की विचारू नका. एकावर एक सहा फळ्या, मधे मधे खांब, सगळं राखाडी. सासूबाई गावाहून आल्या, चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसल्या, दोन मिनिटं समोर बघितलं आणि म्हणाल्या, "नाशिकरोडच्या जेलला लागून घेतलंय का गं घर?" तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मागची भिंत 40 फूट लांब, 6 फूट उंच. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन नुसतं आपटतं तिच्यावर, रात्री आठला हात लावला तरी कोमट लागते. माती काळी आहे पण वरच्या वीतभर थरात सगळा बिल्डरचा राडारोडा, विटांचे तुकडे, टाइल्स, एक अख्खी चप्पल पण निघाली. पाणी सकाळी तासभर येतं.

डोक्यात बरंच काही आहे. भिंतीला हुक मारून वीस-पंचवीस कुंड्या टांगाव्यात, किंवा ते हिरवं प्लास्टिकचं गवत मिळतं ते लावून मोकळं व्हावं, किंवा वारली काढावी, किंवा वेली सोडाव्यात. आमचे अहो म्हणतात रंग मार आणि विषय संपव. सासूबाईंना पूजेची फुलं हवीत. मुलांना तिथे बॅडमिंटन खेळायचंय म्हणजे काटे नकोत. बजेट दहा हजार, फार तर बारा. पावसाच्या आत काहीतरी सुरू करायचंय. सांगा ना.


टेरेसवरची_मिरची

प्लास्टिकचं गवत सोडून काहीही करा. आम्ही गोविंदनगरच्या फ्लॅटला बाल्कनीत लावलं होतं. पहिले सहा महिने येणारा प्रत्येकजण वा वा करून गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा रंग निळसर पांढरट झाला आणि हात लावला की भुगा पडायला लागला. मागे पाली राहायला आल्या त्या वेगळ्याच. शेवटी काढलं तर चिकटवलेला गम भिंतीवर तसाच, तो खरवडायला दोन रविवार गेले.


सिव्हिलवाला_सिडको

ताई, भिंतीला हुक मारायच्या आधी हे वाचा.

प्रीकास्टची फळी दीड-दोन इंचच जाड असते, आत बारीक सळ्या. ती खांबाच्या खाचेत वरून नुसती सरकवलेली असते. तुम्ही त्यात हॅमर ड्रिल घातलं की एक तर कपची उडणार नाहीतर केसासारखी भेग जाणार, आज दिसणार नाही, पण पावसाचं पाणी तिथून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि दोन-चार वर्षांत सिमेंट आतून फोडून बाहेर येते. तुमच्या कॉलनीत एखादं जुनं कंपाउंड असेल तर जाऊन बघा, लाल डाग आणि उघडी सळई दिसेलच.

दुसरं वजन. आठ इंची कुंडी माती भरून ओली झाली की पाच-सहा किलोला जाते. पंचवीस कुंड्या म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो एकाच बाजूने लटकणार. ते खांब किती खोल गाडलेत हे बिल्डर सोडून कोणाला माहीत नसतं. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे मुळातच अशी कंपाउंडं झुकलेली आपण सगळीकडे बघतो.

आणि अजून एक, हे लोक हमखास करतात. भिंतीला टेकून विटांचा कठडा करून त्यात माती भरू नका. प्रीकास्ट हे माणसं-गुरं अडवायला असतं, माती अडवायला नाही. ओल्या मातीचा दाब आला की खालची फळी पोट काढते. वाफा करायचाच तर भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून, जमिनीच्या लेव्हललाच.

ती भिंत शेजारच्यांची पण असेल ना, अर्धी अर्धी? मग एकदा बोलून घ्या. वेल पलीकडे जाते आणि भांडण अलीकडे येतं.


गंगापूररोडची_बागवाली

सिडकोच्या दादांनी बरोबर सांगितलंय, भिंतीला हातच लावायचा नाही. मी माझ्याकडे बारा वर्षांत काय काय मारलं आणि काय जगलं ते सांगते, लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

पश्चिमेचं ऊन हीच तुमची खरी अडचण आहे, भिंत नाही. सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्री ती धग झाडावर टाकतं. म्हणून कुंड्यांपेक्षा जमिनीत लावलेली वेल बरी, मुळांना थंडावा मिळतो. टांगलेल्या छोट्या कुंडीला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं, एक दिवस लग्नाला गेलात की संपलं.

पहिली वेल गोकर्ण. डोळे झाकून लावा. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, आठवड्यात उगवतं, दीड-दोन महिन्यांत फुलं. निळी आणि पांढरी दोन्ही लावा, महादेवाला चालतात, म्हणजे सासूबाई खूश. डबल पाकळीची पण मिळते पण मला विचाराल तर साधी सिंगल जास्त देखणी, तो मधला पिवळसर डोळा दिसतो तिच्यात. ही द्विदल आहे, माती सुधारते, नखरे नाहीत. फक्त शेंगा वाळल्या की तोडत जा नाहीतर फुलं कमी होतात.

दुसरी, आणि ही माझी खास शिफारस, संक्रांतवेल. नावातच आहे, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास पूर्ण वेल केशरी होते, बारीक बारीक नळीसारख्या फुलांचे घोस, पान दिसत नाही मधे. आपल्याकडे थंडीत बाकी बाग गपगार असते तेव्हा हिचा सीझन. हिला ऊन लागतंच, जितकं जास्त तितकं चांगलं, तुमची भिंत हिच्यासाठीच बांधलीय समजा. पण पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका, दुसऱ्या थंडीत दिसेल. एक रोप पुरे. दोन लावलीत तर तीन वर्षांनी मला शिव्या घालाल.

तिसरी मधुमालती. वास रात्रीचा, संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. पण ही राक्षस आहे हं. एका कोपऱ्यात लावायची आणि दरवर्षी फुलं संपली की कात्री चालवायची, दया दाखवायची नाही.

बोगनवेल उन्हाला एक नंबर, पण काटे आणि शटलकॉक यांचं जमत नाही. अलामांडाचा चीक अंगाला लागला की काहींना खाज सुटते, मुलं लहान असतील तर नको. आणि ती भिंतीला चिकटून चढणारी बारीक पानांची वेल नर्सरीवाले 'हिला आधार लागत नाही' म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. पहिल्या वर्षी गोड दिसते, नंतर रंग, प्लॅस्टर सगळं सोबत घेऊन सुटते.

वेली मोठ्या होईपर्यंत या पावसाळ्यात त्याच तारांवर दोडका आणि कारलं सोडा. दोन महिन्यांत भिंत गायब. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, भाजीवेल म्हणून कोणी बघत नाही पण बघा एकदा.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. राडारोडा उपसून टाका, बारीक विटांचे तुकडे मात्र तळाला परत घाला, काळ्या मातीत पाणी साचतं त्याला निचरा मिळतो. वर निम्मी माती, निम्म्यात शेणखत आणि थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. आणि मुळाशी पाचट नाहीतर नारळाची सोडणं पसरा, त्या धगीत तेवढं केलं तरी अर्धं पाणी वाचतं.

वेल वर जाते आणि खाली नुसत्या काड्या राहतात, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून पुढे सदाफुली, कोरांटी, रेन लिली लावा. कोरांटी थंडीत फुलते, सदाफुलीला तर मरायचं कसं तेच माहीत नाही.


पाथर्डीफाटा_रोहाऊस

बापरे, केवढं छान सांगितलंत ताई! कुंड्या आणि गवत दोन्ही बाद. पण भिंतीला ड्रिल नाही मारायचं तर वेल चढणार कशावर? बांबूची जाळी उभी करू का? मी एका ठिकाणी विचारलं तर तयार लोखंडी जाळीचे आठ हजार सांगितले नुसते.


दिंडोरीकडचा_शेतकरी

राम राम ताई. नाशकात राहून वेल कशावर चढवू विचारताय, आख्खा जिल्हा तेच करतोय की!

बांबू नका लावू. दोन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो, मग वेलीसकट आडवा. द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल बघा. बाग काढली की शेतकरी अँगल-तार विकतात, भंगारवाल्यांकडेपण किलोवर मिळतात, पिंपळगाव, ओझर, दिंडोरी रोड, कुठंबी विचारा. वाय आकाराचे नको, साधे सरळ आठ फुटी घ्या. दर दहा फुटांवर एक म्हणजे 40 फुटाला पाच. दोन फूट जमिनीत काँक्रीट घालून, सहा फूट वर. भिंतीपासून नऊ इंच सोडा म्हणजे मागं हात जातो, उद्या रंग मारायचा झाला तरी वेल काढायला नको.

तार बारा गेजची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली. जमिनीपासून दीड, तीन, साडेचार आणि सहा फुटांवर अशा चार ओळी. 40 चोक 160 फूट, दोन-सव्वादोन किलोत बसतं, गाठी धरून अडीच किलो घ्या. एका टोकाला घट्ट पीळ मारायचा, दुसऱ्या टोकाला ताण द्यायचा स्क्रू लावायचा, दुकानात टर्नबकल म्हणा. पहिल्या आणि शेवटच्या अँगलला आतल्या बाजूनं तिरपा टेका द्या, नाहीतर तार ओढली की दोन्ही टोकं एकमेकाकडं झुकतात. बागेत पण सगळा खेळ टोकाच्या अँगलवरच असतो, मधले नुसते उभे राहायला.

अँगलला रेड ऑक्साइड मारून मग वरचा रंग. काँक्रीट टाकल्यावर सात दिवस तार ताणू नका, रोज पाणी मारा त्याला.

पाण्याला पण आपलीच पद्धत. सोळा एमएमची लॅटरल म्हणजे ठिबकची नळी, वेलीपाशी तासाला चार लिटरचा ड्रिपर, सकाळी पाणी आलं की अर्धा तास कॉक उघडायचा, झालं. मी तर म्हणतो नळी जुनीच आणा, बागायतदाराकडे पडलेली असते, फक्त भोकं चुन्यानं बंद झालेली नाहीत ना ते बघून.


कामटवाड्याचा_पोपट

एवढं द्राक्षाचं सामान लावताय तर द्राक्षच लावा ना मग 😄 घरची द्राक्षं!


दिंडोरीकडचा_शेतकरी

पोपटराव, तुम्ही या फवारायला रोज? द्राक्षाला वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी, त्यात पुढच्या फळाच्या काड्या तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. मग डाऊनी, भुरी असले रोग येणार, फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड गळणार, कुजणार. आम्ही रात्री दोनला उठून ढग बघतो. घराच्या मागच्या दारात पोरं खेळतात तिथं हे औषधपाणी कोण करणार? सावलीसाठी एखादा वेल लावा, पानं सुंदर असतात, पण फळाची आशा धरून नाही. आणि छाटणी केली की तो नुसता काटकी होतो, म्हणजे ताईंची भिंत परत उघडी.


टेरेसवरची_मिरची

"रात्री दोनला उठून ढग बघतो" हे वाचून हसू आलं आणि वाईट पण वाटलं.


कॉलेजरोडचे_आजोबा

रंगाविषयी कोणी बोललेच नाही. अँगल उभे करण्याआधी रंग उरकून घ्या, नंतर ब्रश आत जायचा नाही. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यापर्यंत धरायला लागतो, तेव्हा तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत असं समजा.

आधी तारेच्या ब्रशने भिंत घासा. फळ्यांच्या सांध्यात पांढरी भुकटी दिसेल, ते क्षार आहेत, त्यावर रंग मारला की पापुद्रे सुटतात. धुवा, दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या, मग एक्स्टिरिअर प्रायमर, मग एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात. 40 गुणिले 6 म्हणजे 240 चौरस फूट, दोन हातांना साधारण चार ते पाच लिटर लागेल. ऑइल पेंट भिंतीला मारू नका, सिमेंट आतून दम टाकतं आणि ऑइल पेंटला फोड येतात.

रंग कोणता, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला होता म्हणून सांगतो. पांढरा नको. पहिल्याच पावसात खालच्या दोन फुटांवर मातीचे शिंतोडे उडतात आणि ते कायम दिसतात. हिरवा पण नको, वेलीच्या हिरव्यापुढे तो खोटा दिसतो. गेरूसारखा तांबडा-विटकरी घ्या. त्यावर निळी गोकर्ण आणि पांढरी फुलं उठून दिसतात. शिंतोडेही खपून जातात. मात्र खरा गेरू लावू नका, पावसात वाहून जाईल, त्या रंगाचं इमल्शन घ्या.

जाता जाता, आपल्या गावाचं नाव मुघलांच्या काळात गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, होतं. आज आपण सगळे राखाडी भिंती बांधून बसलोय, असो. एक वेलगुलाब लावाच, निदान नावापुरता.

आणि फुलं लावताय तर हे पण लक्षात ठेवा, सकाळी साडेपाचला प्लास्टिकची पिशवी आणि आकडा लावलेली काठी घेऊन फिरणारी मंडळी आपल्या गावात काही कमी नाहीत. आमची जास्वंद मी स्वतः गेल्या दोन वर्षांत फुललेली बघितलेली नाही. कळीच जाते.


गंगापूररोडची_बागवाली

काका 😂😂 आमच्याकडे एक आजी येतात, मी खिडकीतून "काय आजी" म्हटलं तर म्हणाल्या, "देवालाच नेतेय, तुझ्याच नावानं वाहीन." काय बोलणार आता!


चित्रकलेच्या_बाई

मी शाळेत चित्रकला शिकवते म्हणून वारलीबद्दल लिहिते. वारली काढाच, पण 40 फूटभर नको. एकच पॅनल, पायरीवर बसलं की समोर येतं ते, तेवढंच. सगळी भिंत भरली की ते हॉटेल वाटायला लागतं, हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर तोच तारपा आणि तेच गोल नाचणारे आहेत आता.

आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे वारली वस्ती आहे, तिकडच्या घरात ही चित्रं बघाल तर लक्षात येतं की दोन त्रिकोण जोडून माणूस झाला एवढंच ते नाही. शेत, झाड, विहीर, कोंबड्या, मुंग्या सगळं असतं आणि प्रत्येक जण काहीतरी काम करत असतो. मुलांना बसवा, तुमच्या घरातलंच काढू दे त्यांना. पायरीवर कप घेऊन बसलेल्या आजी काढा! घरात ते तांदळाच्या पिठाने काढतात, बाहेरच्या भिंतीवर ते टिकणार नाही, पांढरा अॅक्रेलिक वापरा, बारीक गोल ब्रश किंवा चक्क बांबूची चेचलेली काडी. गेरू रंगाची भिंत असेल तर निम्मं काम आधीच झालं.

सजावटीसाठी माझा एक नाद सांगते. जुन्या नाशकात वाडे पडतायत, त्यांच्या सागवानी खिडक्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मिळतात. मी एक घेतली, गज गंजलेले, कोपऱ्यात बारीक कमळ कोरलेलं, आणि खालच्या पट्टीवर एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं कोपर टेकून रस्ता बघत बसलं असणार. पॉलिश करू नका म्हणून सुताराला हात जोडून सांगितलं. जवसाचं तेल दोन वेळा चोळलं फक्त. भिंतीला न टांगता दोन विटांवर उभी केली, मागे अँगलला तारेने बांधली, गजांतून गोकर्ण सोडली. अख्ख्या बागेत लोक तेवढंच बघतात.

आरसे लावू नका, इंटरनेटवर फार दाखवतात. पश्चिमेच्या उन्हात डोळ्यावर तिरीप येते आणि पक्षी आपटतात. प्लास्टिकच्या बाटल्या कापून रंगवून टांगायचं पण नको, नाहीतर पावसाळ्यात डासांची शाळा भरेल.


कामटवाड्याचा_पोपट

बाटल्यांचं मी करून बसलोय. डेंग्यूची तपासणी करायला पालिकेचे लोक आले, एकेक बाटली उलटी करून अळ्या दाखवल्या मला, शेजारपाजारचे सगळे बघत होते. बायको अजून बोलून दाखवते.


पाथर्डीफाटा_रोहाऊस (27 मे)

मंडळी, ठरलं. रंग गेरू, अँगल आणि तार, गोकर्ण, संक्रांतवेल एक, मधुमालती एक (घाबरत घाबरत), पुढे सदाफुली-कोरांटी. शेजारच्या काकांशी बोललो, ते म्हणाले वेल आमच्याकडे आली तर येऊ द्या, फुलं आम्ही तोडू. रविवारपासून सुरू. फोटो टाकते.


पाथर्डीफाटा_रोहाऊस (दसऱ्यानंतर)

फोटो टाकते म्हटलं आणि थेट साडेचार महिन्यांनी उगवतेय, माफ करा. काय झालं ते सगळं सांगते, चुकांसकट.

रंग घाईत झाला. धुतल्यावर दोन दिवस थांबा म्हणून काकांनी सांगितलं होतं, आम्ही एकच दिवस थांबलो कारण ढग जमले होते. वरच्या पाच फळ्या एकदम मस्त, सगळ्यात खालच्या फळीवर बारीक फोड आले. आता तिथे सदाफुली एवढी माजलीय की फोड मलाच शोधावे लागतात, पण उन्हाळ्यात तेवढी पट्टी घासून परत करणार.

अँगल पिंपळगावकडून आणले, अहोंच्या ऑफिसमधल्या एकाच्या भावाने बाग काढली होती. वजन करून घेतले, अँगलच्या भोकातून अजून वेलीचे वाळके तुकडे अडकलेले होते, जुन्या बागेचे. ते मी काढले नाहीत, का कुणास ठाऊक. आता दिंडोरीच्या दादा, तुम्ही ओरडणार मला. सात दिवस थांबा म्हणाला होतात, गवंड्याने तिसऱ्या दिवशीच तार ताणली, "काही होत नाही मॅडम" म्हणून. झालं. शेवटचा अँगल चार बोटं आत झुकला. परत खणून, परत काँक्रीट, बाराशे रुपये वर गेले. एकूण हिशोब तेरा हजार तीनशे, बजेटच्या बाहेर.

गोकर्ण मात्र कमाल. जूनच्या शेवटी बी टाकलं, ऑगस्टच्या शेवटाकडे पहिलं फूल, गणपतीत रोज छोटी परडी भरून निघत होती. दोडक्याने तर वेड लावलं, दीड महिन्यात भिंतीचा अर्धा भाग दिसेनासा झाला, आम्ही खाऊन कंटाळलो, शेजारी, पेपरवाला, वॉचमन सगळ्यांना वाटले. एक दोडका पानाआड राहून एवढा मोठा झाला की तो वाळवून आता अंग घासायला ठेवलाय. मधुमालती वरच्या तारेपर्यंत पोचलीय, फुलं चारच घोस, पण रात्री मागचं दार उघडलं की वास येतो. संक्रांतवेल गुडघ्याएवढी, तिच्याकडे मी बघत नाही, दुसऱ्या थंडीपर्यंत थांबायचं ठरवलंय.

कारल्याला पांढरे कापसासारखे किडे आले होते, नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि दोन-चार थेंब भांड्याचा लिक्विड साबण टाकून संध्याकाळी फवारलं, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, गेले.

बाई, वारलीचं पॅनल मुलांनी केलं. धाकट्याने बॅडमिंटन खेळणारी वारली माणसं काढलीत, नेटसकट. मोठीने पायरीवरच्या आजी काढल्या. खिडकीची चौकट अजून मिळाली नाही, जुन्या नाशकात दोन फेऱ्या झाल्या, एकाने जी दाखवली तिची किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

सासूबाई नवरात्रात आल्या होत्या. पायरीवर बसून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मी आहे का? एवढी बारीक कंबर कुठंय माझी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बघते तर परडी घेऊन तारेपाशी उभ्या, पलीकडून शेजारच्या काकूंचा हात वरून येतोय, आणि दोघींचं चाललंय, "ती तुमच्या बाजूची, ही आमच्या बाजूची."


कॉलेजरोडचे_आजोबा

छान. खालची पट्टी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून घ्या, मेची वाट बघू नका, परत तेच होईल. वेलगुलाब लावला नाहीत, मी मोजतोय.


गंगापूररोडची_बागवाली

मधुमालतीला आत्ता वर जाऊ देऊ नका, शेंडा खुडा, बाजूने फुटेल. आणि गोकर्णाच्या शेंगा वाळल्या असतील तर थोडं बी मला ठेवा, माझी पांढरी या पावसात गेली.


पाथर्डीफाटा_रोहाऊस

ठेवलंय ताई, डबी भरून. काका, गुलाब या थंडीत नक्की.


दिंडोरीकडचा_शेतकरी

गवंड्याचं ऐकलं ना, हेच होतं. आमच्याकडे पण दरवर्षी एकजण तिसऱ्या दिवशी ताणतो. आता फळछाटणी चालू आहे, गडबडीत आहे, जास्त लिहीत नाही. एकच, थंडीत तार आखडते, टर्नबकल अर्धा आटा सैल करा आणि उन्हाळ्यात परत घट्ट करा. उरलेली तार फेकू नका, तोंडल्याला लागेल.